वाचक विचारतात: काबर उना नही रे?

प्रश्न: नमस्कार सर, मी धुळ्याला अभ्यासिकेत बसतो, राज्यसेवेची तयारी चालू आहे. परवा चहाच्या टपरीवर वाद झाला. एक मित्र म्हणे अमेरिकेत काळ्या मुलांसाठी ओबामांनी योजना काढली होती, ती गेली त्यांच्याबरोबर. दुसरा म्हणे नाही, ट्रम्प यांनीच त्यांच्यासाठी कायदा केला. खरं काय?

उत्तर: भाऊ, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे.

आधी फ्लोरिडातली गोष्ट सांगतो. फेब्रुवारी 2012 मध्ये सॅनफर्ड गावात ट्रेव्हॉन मार्टिन नावाचा 17 वर्षांचा पोरगा दुकानातून गोळ्या आणि कोल्ड्रिंक घेऊन परत चालला होता, वस्तीवर पहारा देणाऱ्या एका माणसाला तो संशयित वाटला आणि त्याने पोराला गोळी घातली, पोराकडे हत्यार नव्हतं. पुढच्या वर्षी जुलैमध्ये ज्युरीने त्या माणसाला निर्दोष सोडलं. तेव्हा ओबामा बोलले की 35 वर्षांपूर्वी ट्रेव्हॉनच्या जागी मी असू शकलो असतो. राष्ट्राध्यक्षाच्या तोंडून हे आलं म्हणून देश हलला.

मग 27 फेब्रुवारी 2014 ला ओबामांनी 'माय ब्रदर्स कीपर' ही योजना जाहीर केली. ट्रेव्हॉनचे आईवडील समोर बसलेले होते. त्यात काळ्या आणि इतर अल्पसंख्य समाजातल्या पोरांच्या आयुष्यातले सहा टप्पे धरले होते: शाळेत तयारीने पाऊल टाकणं, तिसरीपर्यंत नीट वाचता येणं, बारावी पूर्ण करणं, पुढचं शिक्षण किंवा ट्रेनिंग, नोकरी, आणि हिंसेपासून लांब राहणं व चुकलाच तर दुसरी संधी मिळणं. मोठ्या देणगीदार संस्थांनी पाच वर्षांत 20 कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. नंतर शहरांना, काउंट्यांना (म्हणजे तिथले जिल्हे), आदिवासी जमातींना हाक दिली की तुम्हीही तुमच्याकडे हे करा, जवळपास 250 ठिकाणं तयार झाली. न्यूयॉर्क राज्याने तर आपल्या 2016-17 च्या बजेटमध्ये यासाठी 2 कोटी डॉलर ठेवले.

पण हे सगळं राष्ट्राध्यक्षांच्या आदेशावर उभं होतं, कायदा नव्हता. खुर्ची बदलली की असं काम लटकतं, हे आपल्याला काय नवीन सांगायचं! सोबतीला 2015 मध्ये एक वेगळी संस्था काढलेली होती, ती 2017 मध्ये ओबामा फाउंडेशनमध्ये गेली म्हणून काम चालू राहिलं.

आता तुमच्या दुसऱ्या मित्राचं. फ्रेडरिका विल्सन या फ्लोरिडाच्या खासदार. त्याआधी त्या मायामीत शाळेच्या प्रिन्सिपल होत्या, तिथे 1993 पासून त्यांनी काळ्या पोरांना मोठ्या माणसांशी जोडून द्यायचा कार्यक्रम चालवलाय, त्यातल्या पोरांचा लाल टाय ही तिथली ओळख. फ्लोरिडात 2006 पासून काळ्या पुरुषांच्या आणि मुलांच्या सामाजिक स्थितीवर एक राज्य परिषद आहे, तसंच देशपातळीवर व्हावं म्हणून त्या मागे लागल्या. त्या डेमोक्रॅट, सिनेटमध्ये साथ दिली रिपब्लिकन मार्को रुबियो यांनी, आणि 14 ऑगस्ट 2020 ला ट्रम्प यांनी त्या कायद्यावर सही केली. 19 जणांचा आयोग. शिक्षण, आरोग्य, नोकरी, पोलीस-कोर्ट यात काळ्या पुरुषांना काय भोगावं लागतं ते तपासायचं आणि दरवर्षी रिपोर्ट द्यायचा, एवढं त्याचं काम. पैसे वाटायचं नाही. तुमच्या मित्रांना सांगा, एकाने योजना सांगितली, दुसऱ्याने आयोग, भांडण मिटलं.

प्रश्न: अमळनेरहून एक ताई विचारतात, फक्त पोरांसाठीच का? मुलींचे हाल होत नाहीत का?

उत्तर: ताई, हाच सवाल तिथल्या बायांनी तेव्हाच केला. जून 2014 मध्ये हजारावर स्त्रियांनी सह्या करून पत्र दिलं की त्याच घरात, त्याच वस्तीत, त्याच शाळेत आमच्या पोरीही वाढतात, त्यांना बाहेर का ठेवता. सरकारचं म्हणणं होतं की बायकामुलींसाठी 2009 पासून वेगळी परिषद आहे. मला बायांचं म्हणणं पटतं. पोरगं सुधारलं की घर सुधारेल आणि मग मुलीला आपोआप मिळेल, हा हिशोब आपल्याकडेही फार वर्षं चालला, मिळालं नाही.

प्रश्न: मी रावेर तालुक्यात हायस्कूलला शिकवतो. आठवी-नववीतली पावरा, भिल्ल, तडवी पोरं केळीच्या गाड्या भरायला जातात, महिना महिना दिसत नाहीत. स्टाफरूममध्ये म्हणतात, जाऊ द्या, त्यांचं तसंच असतं. अमेरिकेतल्या त्या योजनांतून आमच्या कामाचं काही आहे का?

उत्तर: सर, आहे, आणि तुमच्या पत्रातलं "त्यांचं तसंच असतं" हे वाक्य मला दोन दिवस टोचतंय, म्हणून आधी त्याच्यावर.

2014 मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने आकडे काढले, तर बालवाडीत काळी मुलं 18 टक्के, पण एकाहून जास्त वेळा सस्पेंड केलेल्या बालवाडीच्या मुलांत ती 48 टक्के! चार वर्षांचं लेकरू हो. ते काय गुन्हा करणार? मोठ्यांच्या डोळ्यातच ते आधी गुन्हेगार झालेलं असतं. माझ्याबरोबर शाळेत एक भिल्लाचा पोरगा होता, वर्गात कोणाचा पेन हरवला की पहिलं त्याचं दप्तर उलटं करायचे. एकदाही काही सापडलं नाही. दिवाळीनंतर तो आलाच नाही, आणि कोणी विचारलंही नाही. मीही नाही विचारलं. ते अजून लागतं मला.

आपल्या खानदेशात तर सरकारने तरुणांना "वळण लावायचा" प्रयोग दोनशे वर्षांपूर्वीच केलाय. 1825 मध्ये आउट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला खानदेश भिल्ल कोअर, म्हणजे भिल्ल तरुणांची पलटण, उभी केली. पगार मिळाला, गणवेश मिळाला, काहींना जमीन आणि तगाई, म्हणजे शेतीसाठी सरकारी कर्ज, पण मिळाली. पण सरकारचा हेतू होता बंदोबस्त, पोरांचं भलं नव्हे, आणि पुढे 1878 च्या कायद्याने त्यांचं जंगलच सरकारजमा झालं. अमेरिकेतही टीका करणारे हेच म्हणत होते की पोराला शिस्त शिकवता, पण पोलीस, नोकऱ्या, वस्तीतल्या शाळा यांचं काय? टीका खरी आहे. तरीपण उद्या सकाळी वर्गात काय करायचं हा तुमचा प्रश्न उरतोच, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

एक, हजेरी. तिथे वर्षाचे 10 टक्के दिवस, म्हणजे साधारण 18 दिवस बुडाले की त्या मुलाला धोक्यात धरतात. न्यूयॉर्क शहराने अशा मुलांना एकेक मोठा माणूस जोडून दिला, काम एवढंच की तो आला का बघायचं, आला तर बरं वाटलं म्हणायचं, नाही आला तर घरी फोन. त्या मुलांचे वर्षाला सरासरी नऊ दिवस वाढले. पुढे 2016 मध्ये हेच दहा शहरांत सुरू केलं. तुमच्याकडे शिपाई मामा आहेत, खिचडीवाल्या मावशी आहेत, माजी विद्यार्थी आहेत, एकेकाला तीन-चार पोरं वाटून द्या. पोरगं परत येईल त्या दिवशी "कुठे मेला होतास" नको, आपल्या अहिराणीत विचारा, "काबर उना नही रे भाऊ?" (का आला नाहीस रे भाऊ?) आणि उत्तर पूर्ण ऐका. घरात मजुरीची गरज असेल तर ते ऐकल्याशिवाय कळणार कसं, आणि मग शिष्यवृत्ती अडकलीये का, जातीचा दाखला राहिलाय का, ही कामं हातात घेता येतात.

दुसरी गोष्ट शिकागोची. तिथल्या शाळांत 'बिकमिंग अ मॅन' नावाचा कार्यक्रम चालतो, पोरं आठवड्यातून एकदा गोल करून बसतात. पहिल्या दिवशी जोड्या लावतात, एकाच्या हातात बॉल देतात आणि दुसऱ्याला सांगतात 30 सेकंदात तो बॉल मिळव. जवळपास सगळे झटापट करतात. मग विचारतात, "तू नुसता मागितला का नाहीस?" मी हे आमच्या गल्लीतल्या पोरांवर करून पाहिलं, बॉलऐवजी लिंबू. एकाचा शर्टच फाटला. नंतर ज्याच्या मुठीत लिंबू होतं तो म्हणे, "मागितलं असतं तर देऊन टाकलं असतं, मला काय करायचंय लिंबाचं?" पाच मिनिटं सगळे गप्प होते.

शिकागो विद्यापीठाने तपासलं तर कार्यक्रम चालू असताना मारामारीसारख्या गुन्ह्यांतल्या अटका जवळपास निम्म्याने कमी झाल्या होत्या, पण कार्यक्रम थांबल्यावर अटकांमधला तो फरक टिकला नाही. म्हणून सर, एक शिबिर घेऊन फोटो काढून थांबू नका, दर आठवड्याला एक तास तरी पक्का ठेवा, आणि शनिवारचा नको, शनिवारी तालुक्याच्या मीटिंगा लागतात.

दिवाळीची सुट्टी संपली की हजेरीपटावर कोण कोण परत आलं ते कळवा, पत्ता जुनाच आहे.