१९५७ ची शेव्हरले बेल एअर हार्डटॉप विकायला आहे, बघायला जाताना काय तपासू?

तुम्ही लिहिलंय की ओहायोत एकाकडे १९५७ ची दोन दारांची बेल एअर हार्डटॉप आहे, तो 'फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन, मॅचिंग नंबर्स' (म्हणजे बॉडी सांगाड्यावरून उतरवून केलेली दुरुस्ती आणि कारखान्यातलंच मूळ इंजिन) असं सांगतोय आणि शनिवारी तुम्ही बघायला जाणार आहात. इंजिनाच्या आवाजाबद्दल चार ओळी लिहिल्यात आणि पत्र्याबद्दल एकही नाही, म्हणून हे उत्तर.

इंजिन शेवटी बघा. २८३ घन इंचाचा तो व्ही-८ म्हणजे शेव्हीचा (शेव्हरलेचं लाडकं नाव) 'स्मॉल ब्लॉक', आटोपशीर इंजिनांचं एक घराणं. १९५५ मध्ये २६५ घन इंचापासून सुरू झालेलं हे घराणं पुढे कित्येक दशकं बनत राहिलं. सुटे भाग अजून कुठेही मिळतात आणि ते उघडून बांधणारा मेकॅनिक गावागावात सापडतो. सडलेली बॉडी मात्र खिसा रिकामा करते.

स्वानुभव आहे. मी मिशिगनमध्ये राहतो. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते जुन्या गाड्यांना खालून खातं. माझी पहिली हार्डटॉप घेतली तेव्हा रंग इतका चकचकीत होता की त्यात बघून भांग पाडावा. घरी आणून ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलला, तर भोकावर एक जुनी नंबरप्लेट रिव्हेट मारून बसवलेली. वरून डांबरासारखं काहीतरी फासलेलं, पण आकडे वाचता येत होते. बायको अजून पाहुण्यांना ती गोष्ट सांगते.

हार्डटॉपला मधला खांब नसतो. चारही काचा खाली केल्या की पुढच्या काचेपासून मागच्यापर्यंत बाजू सलग मोकळी. सगळी ऐट त्यातच आहे. पण खांब नाही म्हणून बॉडीचा ताठपणा दारांखालच्या पेट्यांवर, म्हणजे रॉकर पॅनलवर, आणि जमिनीच्या पत्र्यावर येतो. ते सडले की गाडी मधून झोल खाते. विक्रेत्याला विचारून एक बाजू जॅकवर घ्या आणि त्या बाजूचं दार उघडून पुन्हा लावून बघा. दार अडकलं किंवा फट वरच्या बाजूला वेगळी दिसायला लागली, तर चहा पिऊन घरी या. दाराची काच आणि मागची छोटी काच जिथे रबरावर एकमेकींना भिडतात तिथेही बोट फिरवा. तिथून पाणी आत झिरपतं आणि गालिच्याखाली मुरत बसतं.

फ्रिजवरचं एखादं चुंबक रुमालात गुंडाळून न्या. हेडलाइटच्या वरची 'भुवई', मागच्या चाकांमागचा पत्रा, दारांचा खालचा काठ, डिकीतली स्टेपनीची जागा, इथे ते हलकेच टेकवा. चिकटलं नाही तर रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. चिकटलं तरी पत्रा जुनाच असेल असं नाही. १९५७ च्या शेव्हीचा जवळजवळ प्रत्येक पत्रा आज नवीन बनून मिळतो, अख्खी बॉडीसुद्धा. त्यात वाईट काही नाही, फक्त विक्रेत्याने तसं सांगितलं पाहिजे आणि भाव त्याप्रमाणे हवा.

आता नंबर. ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर पट्टी असते. ती 'व्हीसी५७' ने सुरू झाली तर व्ही-८ बेल एअर. नुसतं 'सी५७' असेल तर गाडी कारखान्यातून सहा सिलिंडरची निघाली होती. 'व्हीबी५७' असेल तर ती मुळात टू-टेन, म्हणजे स्वस्तातलं भावंड, आणि बाजूची ती रेघारेघांची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी नंतर लावलेली आहे. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) पट्टीवर '५७-१०३७डी' दिसलं तर बॉडी बेल एअर हार्डटॉपचीच. खांबावरचा नंबर टायटलच्या, म्हणजे मालकीच्या, कागदाशी अक्षरन् अक्षर जुळवा.

राहिलं 'मॅचिंग नंबर्स'. त्या वर्षीच्या शेव्हीच्या इंजिनावर गाडीचा नंबर ठोकतच नसत. कारखाना, तारीख आणि प्रकाराचा कोड असे, बस्स. तारीख गाडीच्या आधीची आणि कोड बरोबर, इतकंच पडताळता येतं. त्या शब्दासाठी तो जास्तीचे पैसे मागत असेल तर हसून सोडून द्या. 'दुर्मिळ' म्हणाला तरी तेच. बेल एअर स्पोर्ट कूपे, म्हणजे हीच दोन दारांची हार्डटॉप, त्या एका वर्षात १,६६,००० च्या वर बनल्या. दुर्मिळ म्हणायची तर त्या वर्षीची नोमॅड, म्हणजे दोन दारांची स्टेशन वॅगन.

चालवताना जपून. मुळात चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सगळ्यांना मिळून एकच हायड्रॉलिक सर्किट. एक पाइप फुटला की पेडल थेट तळाला. पुढे डिस्क ब्रेक आणि दुहेरी मास्टर सिलिंडर (म्हणजे दोन वेगळी सर्किट) बसवलेला असेल तर शुद्धतावादी नाकं मुरडतील, मी मात्र दोन पैसे जास्त देईन. सीटबेल्ट नसतील तर आधी बसवा. २००९ मध्ये इथल्या विमा कंपन्यांच्या संस्थेने १९५९ ची बेल एअर नव्या मॅलिबूवर समोरासमोर आदळवली होती. 'जुनं लोखंड दणकट' म्हणणाऱ्यांनी तो व्हिडिओ बघावा, जुन्या गाडीत चाचणीच्या पुतळ्याच्या जागी माणूस असता तर वाचला नसता.

आणि वाटेत पेट्रोल भरावं लागलं तर झाकण शोधत फिरू नका. डाव्या बाजूच्या शेपटीच्या (मागच्या पंखासारख्या उंच पत्र्याच्या) मागच्या कडेची क्रोमची पट्टी उघडते, त्याच्या आत आहे. मी पहिल्यांदा पंपावर दहा मिनिटं गाडीभोवती प्रदक्षिणा घातल्या होत्या आणि मागे रांग लागली होती.