स्पॅनिशमध्ये इम्परफेक्तो कधी वापरायचा? ‘लांब क्रिया’ हा नियम आधी डोक्यातून काढा

स्पॅनिशच्या दोन भूतकाळांबद्दल, इम्परफेक्तो आणि इन्देफिनीदोबद्दल, तुम्ही विचारलंय, ‘क्रिया बराच वेळ चालली तर इम्परफेक्तो, झटकन झाली तर इन्देफिनीदो, हा नियम बरोबर आहे का?’ नाही. साफ चूक आहे. याच नियमापायी माझे मार्क गेलेत, म्हणून जरा तिखट लिहितोय.

पुण्यात क्लासला असताना निबंधात मी लिहिलं, ‘योब्यो तोदा ला नोचे’, रात्रभर पाऊस पडला. सरांनी ‘योब्यो’ला (इन्देफिनीदो) लाल गोल करून वर ‘योबिआ’ (इम्परफेक्तो) लिहिलं. का? तर रात्रभर म्हणजे लांब क्रिया. मी म्हटलं, सर, रात्र संपली, पाऊसही मोजून झाला, आता ते पूर्ण झालेलंच ना? तर म्हणे, पुस्तकातला तक्ता बघ. पुढे क्लासला एक मेक्सिकन पाहुणी आली, तिला सगळ्यांसमोर विचारलं. ती लगेच म्हणाली, ‘योब्यो’. त्यावर सरांचं उत्तर: मेक्सिकोत काहीही चालतं!

अहो, स्पेनमध्येही तेच चालतं. स्पेनचा हुकूमशहा फ्रान्को याची सत्ता 1939 ते 1975, तरी वर्षांचा आकडा देऊन सांगताना ‘गोबेर्नो’च (राज्य केलं, इन्देफिनीदो) म्हणतात. छत्तीस वर्षं लांब नाहीत का? उलट ‘योबिआ क्वान्दो साली’, म्हणजे मी निघालो तेव्हा पाऊस पडत होता, यात तो दोनच मिनिटं पडला असेल तरी इम्परफेक्तो. काळ किती गेला हा प्रश्नच नाही. क्रियेचं टोक दाखवताय की तिच्या मधोमध उभे आहात, एवढंच बघायचं. ‘नो केरीआ इर’ म्हणजे त्याला जायचं नव्हतं, पुढे गेला की नाही कोण जाणे. ‘नो कीसो इर’ म्हणजे तो जायला तयारच झाला नाही, विषय संपला.

रूपं पाठ करायला काही नाही. इम्परफेक्तोत सेर (असणे), इर (जाणे), बेर (बघणे) ही तीनच क्रियापदं अनियमित. वय आणि घड्याळातली वेळ सांगताना डोळे झाकून इम्परफेक्तो. ‘जायचो, करायचो’ असलं की तोच.

एक मात्र खरं, मराठीत आपण ‘रात्रभर पाऊस पडत होता’ सर्रास म्हणतो, म्हणून तो तक्ता पटकन पटतो. आणि ‘रोज रात्री पडायचा’ असेल तर ‘योबिआ’च हवं. पण सरांनी ‘रोज’ कुठे वाचलं होतं? माझ्या वहीत तर नव्हतं. तुमचे सरही हाच तक्ता दाखवत असतील तर त्यांना फ्रान्कोचं विचारा.