बचत मोडून क्लॅरिनेटची जोडी घ्यावी का?

वाचकांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. तुम्ही नोकरी सांभाळून एका हौशी वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवता, संध्याकाळी चार मुलांना शिकवता आणि गेली 11 वर्षं शिकाऊ दर्जाच्या प्लॅस्टिकच्या वाद्यावर निभावून नेत आहात. आता तुम्हाला व्यावसायिक दर्जाची कोरी जोडी घ्यायची आहे, एक नेहमीचं बी-फ्लॅट पट्टीचं आणि एक त्याहून अर्ध्या सुराने खालचं, ए. तुमची बचत 9 महिन्यांच्या घरखर्चाएवढी आहे आणि जोडीची किंमतही जवळपास तेवढीच. बचत मोडू की तीन वर्षांचं कर्ज काढू, असं तुम्ही विचारलं आहे. नोकरीचा करार पुढच्या वर्षी संपतो, हे मात्र पत्राच्या अगदी शेवटच्या ओळीत आलं. माझ्या हिशेबात ती ओळ सगळ्यात वर येते.

माझं उत्तर असं: क्लॅरिनेट घ्या, याच वर्षी घ्या. पण एकच घ्या, बी-फ्लॅट, सेकंड हँड, आणि कर्ज न काढता.

आधी कर्जाचं बोलू. तुम्ही कळवलेल्या 14 टक्के दराने 36 महिन्यांचा हप्ता तुमच्या महिन्याच्या खर्चाच्या साधारण 31 टक्के येतो. शिकवण्या आणि कार्यक्रम मिळून तुमच्या हाती पडतं ते खर्चाच्या 30 टक्के. म्हणजे संगीतातून येणारा पै न् पै तीन वर्षं हप्त्यात जाणार, आणि मुलांच्या परीक्षा-सुट्ट्यांच्या महिन्यांत पगारातून भर घालावी लागणार. एकूण फेड मूळ किमतीच्या जवळजवळ सव्वापट होते. करार वाढला नाही तरी हप्ता काही थांबत नाही. बचत मोडली तर व्याज वाचेल, पण नोकरी डळमळीत असताना गंगाजळी रिकामी होईल. अशा वेळी घरातली जी वस्तू पटकन विकली जाते तीच आधी जाते, आणि घाईत विकलेल्या वाद्याला भाव येत नाही. 11 वर्षं वाट पाहून घेतलेलं वाद्य तुमच्या हातून असं जाऊ नये, एवढ्याचसाठी मी इतकं ताणून धरते आहे.

वाद्य बदलण्याची तुमची गरज मात्र मला पूर्ण पटते. मी स्वतः क्लॅरिनेट वाजवते, त्यामुळे हे नुसत्या आकड्यांवरून म्हणत नाही. क्लॅरिनेटची नळी एका टोकाला बंद असलेल्या दंडगोलासारखी वागते. म्हणून रजिस्टरची चावी दाबली की सूर सप्तकभर न चढता थेट बाराव्यावर जातो; तळाचा ई वाजवता वाजवता चावी दाबली की वरचा बी येतो. हे बारावे सूर नीट जुळणं हीच क्लॅरिनेट बनवणाऱ्याची खरी परीक्षा असते. चांगल्या वाद्यात स्वरछिद्रं आतल्या बाजूने कोरून रुंद केलेली असतात, लाकूड निवडून मुरवलेलं असतं, चाव्या लवकर ढिल्या होत नाहीत. वाद्यवृंदात शेजारच्या ओबोशी सूर जुळवताना प्रत्येक सुराला ओठांनी ओढून आणावं लागत असेल, तर तो थकवा चांगल्या वाद्याने खरोखर कमी होतो. त्यासाठी मोजलेले पैसे मी वाया गेले म्हणणार नाही.

पण तुमच्या तक्रारींच्या यादीत पहिली तक्रार आहे ती गळ्याच्या बी-फ्लॅटची, म्हणजे बाराव्यावरच्या उडीच्या अगदी आधी येणाऱ्या बी-फ्लॅट सुराची, तो घुसमटलेला येतो अशी. त्याची मेख वाद्याच्या रचनेतच आहे. त्या सुरासाठी जे छिद्र उघडतं, तेच बाराव्यावर उडी मारायलाही वापरलं जातं. दोन कामांना सोयीची जागा आणि आकार वेगवेगळे असतात, म्हणून बनवणाऱ्याला मधला मार्ग काढावा लागतो. महागड्या वाद्यावरही तो सूर शेजारच्या सुरांपेक्षा थोडा फिकाच असतो. उजव्या हाताची एक-दोन बोटं जादा झाकून वादक तो सावरून घेतात. तो एक सूर सुधारेल या आशेवर बचतीला हात घालू नका.

आणि तुम्ही अजून वाद्याबरोबर आलेलाच माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा भाग, वापरता! पहिला खर्च तिथे करा. वाद्याच्या किमतीपुढे चांगल्या माउथपीसची किंमत किरकोळ असते, आणि आवाजात पडणारा फरक पहिल्याच दिवशी कळतो. व्हॅनडोरेनचे एम-30 किंवा बी-45 असे दोन-चार नमुने तुमच्या नेहमीच्या रीडवर, म्हणजे माउथपीसला बांधायच्या वेताच्या पातळ पट्टीवर, वाजवून पाहा. पुढे घ्याल त्या वाद्यावर, आणि कधी ए घेतलं तर त्यावरही, तोच माउथपीस चालतो. तो हाती आल्यावर महिनाभर जुनंच वाद्य वाजवा. मग उरलेल्या तक्रारींतल्या कोणत्या खरोखर वाद्याच्या आहेत, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

जोडीबद्दल. मोत्झार्टचा क्लॅरिनेट काँचेर्टो ए-साठी आहे. वेबरचे दोन्ही काँचेर्टो आणि ब्राम्सचे दोन्ही सोनाटा बी-फ्लॅटवरचे. वाद्यवृंदात ए लागतं हे खरं. अर्धा सूर उतरवून बी-फ्लॅटवर निभावता येतं, पण ए-चा अगदी तळाचा सूर बी-फ्लॅटवर मिळतच नाही. तरी तुम्हीच लिहिलं आहे की गेल्या दोन वर्षांत ए दोनदाच लागलं. तेवढ्यासाठी ते उसनं किंवा भाड्याने आणा. अर्धी बचत वर्षभर पेटीत पडून राहावी असं ते कारण नाही.

कोरं की सेकंड हँड, यावर तुमचा ओढा कोऱ्याकडे दिसतो, आणि "चांगलं वाद्य म्हणजे गुंतवणूकच" असं तुम्ही लिहिलं आहे. जुन्या व्हायोलिनांच्या वाढत्या किमती ऐकून हा समज होतो. क्लॅरिनेटचं तसं होत नाही. छिद्रं झाकणारे पॅड झिजतात, स्प्रिंगा थकतात, लाकूड आकसतं, सांधे सैल होतात. सगळ्यात मोठा घसारा पहिल्याच विक्रीत बसतो. तो पहिल्या मालकाला सोसू द्या. नीट राखलेलं सेकंड हँड वाद्य काही वर्षांनी घेतलेल्या भावाच्या आसपास विकता येतं. त्यासाठी ओळखीचं मॉडेल आणि बोम, म्हणजे सगळ्यात रूढ, पद्धतीच्या चाव्या असलेल्या बऱ्या, म्हणजे गिऱ्हाईक शोधत बसावं लागत नाही. बुफे क्रॅम्पाँचं आर-13 हे 1955 सालचं मॉडेल आजही वाद्यवृंदांत दिसतं. यामाहा आणि सेल्मर यांची वरच्या दर्जाची वाद्यंही तितक्याच गांभीर्याने पाहा. जर्मन ओहलर पद्धतीचं वाद्य कितीही स्वस्त मिळालं तरी सोडून द्या, बोटांची सगळी सवय बदलावी लागेल.

सेकंड हँडला आणखी एक गोष्ट अनुकूल आहे. ग्रेनाडिला, म्हणजे क्लॅरिनेट ज्याचं करतात ते काळं लाकूड, कोरं असताना पहिल्या वर्षी सगळ्यात नाजूक असतं. आतून श्वासाची वाफ आणि बाहेरून कोरडी थंड हवा, की वरच्या भागाला तडा जाऊ शकतो. माझ्या कोऱ्या वाद्याला पहिल्याच हिवाळ्यात ट्रिलच्या छिद्रापासून तडा गेला. दुरुस्ती झाली, पण ऐन कार्यक्रमांच्या दिवसांत सहा आठवडे वाद्य हातात नव्हतं. आधी वाजवून मुरलेल्या वाद्यात ही भीती कमी असते, संपत मात्र नाही. तुमच्या तालमी उघड्यावर होत असतील तर ग्रेनाडिलाची भुकटी आणि कार्बन फायबर मिळून केलेली बुफेची ग्रीनलाइन वाद्यंही पाहून ठेवा, त्यांना लाकडासारखे तडे जात नाहीत.

पाहायला जाताना स्वतःचा माउथपीस, रीड आणि ट्यूनर न्या. वरचा भाग उजेडात फिरवून तडे शोधा, छिद्रांभोवती जास्त. सांध्यावरची धातूची कडी बोटाने सहज फिरत असेल तर लाकूड आकसलं आहे. मधला सांधा डुगडुगतो का, चाव्या आडव्या हलतात का, तेही बघा. एकेका भागाची छिद्रं झाकून, खालचं तोंड तळव्याने दाबून हवा ओढा. ताण टिकला नाही तर पॅड गळतात. पॅड बदलणं हा नेहमीचा खर्च आहे, त्यावरून चांगलं वाद्य नाकारू नका, तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा. बॅरल, म्हणजे माउथपीसखालचा आखूड तुकडा, मूळचाच आहे का, तेही विचारा. तो बहुधा 64 ते 67 मिलिमीटरचा असतो, आणि उतरलेलं वाद्य आखूड बॅरल लावून वर चढवलेलं असू शकतं. हे सगळं अर्धा तास वाजवून वाद्य तापल्यावरच करा. गार वाद्य सुरात उतरलेलंच लागतं.

दुसऱ्या देशातून मागवणार असाल तर एक जुनी अडचण आता उरलेली नाही. ग्रेनाडिलाच्या वंशातल्या झाडांचा व्यापार 2017 पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परवान्याखाली आला होता, पण 2019 साली तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. जकातीचा हिशेब मात्र आधी करा.

आकडे असे बसतात. तुम्ही कळवलेल्या भावांवरून चांगलं सेकंड हँड बी-फ्लॅट अडीच महिन्यांच्या खर्चात येतं. माउथपीस, पॅड आणि पहिल्या वर्षाचा विमा यांना अर्धा महिना धरा. 6 महिन्यांचा खर्च शिल्लक राहतो, आणि कराराचा निकाल लागेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. विकणाऱ्याकडे आठवडाभराची मुदत मागा आणि वाद्य एका तालमीला घेऊन जा. जुनं विद्यार्थ्यांसाठी ठेवा, उघड्यावरच्या कार्यक्रमांनाही तेच वापरा. करार वाढला तर संगीताच्या मिळकतीतला तिसरा हिस्सा दरमहा वेगळा काढायला लागा. साधारण दोन वर्षांत सेकंड हँड ए-पुरते पैसे जमतात, तेही बचतीला धक्का न लागता.