लाल ट्रे रुग्णालयात नसतो: कारखान्यातली पद्धत कुठे न्यायची, कुठे नाही

तुमचा प्रश्न असा आहे: ऑटो पार्टच्या कारखान्यात नऊ वर्षं शिफ्ट सांभाळली, आता दोनशे खाटांच्या रुग्णालयात ऑपरेशन्स मॅनेजर म्हणून रुजू होताय. शॉप फ्लोअरची शिस्त तिथे तशीच लावावी का?

अर्धी लावा, अर्धी गेटवरच ठेवा. कोणती अर्धी, हे ठरवताना हुकूमशाही की लोकशाही अशा वर्गवारीचा फारसा उपयोग होत नाही. एवढंच पाहा, की त्या धंद्यात चूक झाली तर तिचा पुरावा कुठे राहतो.

कारखान्यात बोअर, म्हणजे पार्टमधलं भोक, मापापेक्षा मोठा झाला की पीस नापास मालाच्या लाल ट्रेमध्ये पडतो. ऑपरेटर बोलो न बोलो, शिफ्ट संपताना ट्रे मोजला की आकडा हातात येतो. माणूस गप्प बसला तरी पीस बोलतो, म्हणून तिथे आवाज चढवूनही काम निघतं. मोठ्या हॉटेलच्या किचनमध्येही तसंच. प्रत्येक प्लेट शेफच्या डोळ्यांखालून बाहेर जाते. सॉफ्टवेअरमध्ये कोणती ओळ कोणी, केव्हा बदलली याची नोंद आपोआप राहते. त्यामुळे चांगल्या टीम बिघाडानंतर 'कोणी केलं' यावर वेळ घालवत नाहीत; जुनी आवृत्ती परत आणायला इतका उशीर का झाला, ते शोधतात.

रुग्णालयात लाल ट्रे नसतो. रात्री दोन वाजता चुकीच्या रुग्णाला लागलेलं सलाइन सिस्टरच्या लक्षात आलं, तिने ते लगेच काढलं, रुग्णाला काही झालं नाही. आता ही चूक फक्त तिलाच ठाऊक आहे. ती सांगेल की गिळून टाकेल, हे तुम्ही मागच्या महिन्यात दुसऱ्या सिस्टरशी कसे वागलात त्यावर ठरतं. कारखान्यातून आलेला मॅनेजर नेमका इथे फसतो. पहिल्या महिन्यात चार मेमो निघतात, औषधांच्या चुकांचे रिपोर्ट कमी होतात आणि सुधारणा झाली असं वाटतं. चुका मात्र तेवढ्याच असतात, त्या कळायच्या बंद झालेल्या असतात.

विमान वाहतुकीला हे फार मोठी किंमत मोजून कळलं. 27 मार्च 1977 ला तेनेरिफ बेटावर धुक्यात दोन बोइंग 747 आदळली आणि 583 माणसं गेली. त्यातलं केएलएम या डच कंपनीचं विमान धावू लागल्यावर त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, समोरचं विमान धावपट्टीवरून हटलं नाही का? कॅप्टन कंपनीतला ज्येष्ठ प्रशिक्षक. हटलंय, असं तो ठामपणे म्हणाला आणि विषय तिथेच संपला. पुढच्याच वर्षी 28 डिसेंबरला युनायटेड या अमेरिकी कंपनीचं डीसी-8 विमान अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ इंधन संपून पडलं, 10 जण दगावले. कॅप्टन लँडिंग गिअरच्या बिघाडात गुंतला होता. इंधन संपत आल्याचं सहकाऱ्यांना दिसत होतं, पण कोणी ठणकावून सांगितलं नाही. 1981 पासून युनायटेडने कॉकपिटमधल्या सगळ्यांना यासाठी वेगळं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. कॅप्टनचा अधिकार कायम राहिला. धोका स्पष्ट शब्दांत सांगणं मात्र कनिष्ठाच्या कर्तव्यात आलं.

आपल्याकडे यातला सर्वांत अवघड भाग भाषेचा आहे, आणि तुमचा पहिला महिना त्यावरच जावा. मोठ्यांशी आपण आडून बोलतो. "सर, बारा नंबरला जरा एकदा बघता का?" असा रात्रीचा फोन जातो. डॉक्टर म्हणतात, "सकाळी राउंडला बघतो." दोघांचंही चुकलेलं नसतं, धोका त्या 'जरा'मध्ये दडलेला असतो. त्याऐवजी चार गोष्टी, याच क्रमाने: काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं. "सर, बारा नंबरच्या काकांचं बीपी 80 वर 50, नाडी 130. काल पोटाचं ऑपरेशन झालंय. आत रक्तस्राव होतोय असं वाटतंय. तुम्ही आत्ता यायला हवं." आदर 'सर' आणि 'तुम्ही'मध्ये पुरेसा आहे. हा क्रम छापून प्रत्येक फोनशेजारी लावा, आणि शिफ्ट बदलताना मेट्रनकडून, म्हणजे सिस्टर्सच्या प्रमुखाकडून, रोज दहा मिनिटं मोठ्याने सराव करून घ्या. नुसता कागद लावला तर आठवड्यात तो भिंतीचा भाग होतो.

याचा अर्थ रुग्णालयात हुकूम नकोच, असा नाही. हृदय बंद पडलेल्या रुग्णाभोवती चर्चा करायला वेळ नसतो. तिथे म्होरक्याने पलंगाच्या पायथ्याशी हात मोकळे ठेवून उभं राहायचं. तो स्वतः छाती दाबायला लागला की घड्याळ कोणीच बघत नाही. छातीवरचे दाब मिनिटाला 100 ते 120, दर 2 मिनिटांनी माणूस बदलायचा, ॲड्रेनालिन 1 मिलिग्रॅम दर 3 ते 5 मिनिटांनी. हुकूम नाव घेऊन द्यायचा आणि ऐकणाऱ्याने तो परत म्हणायचा. "कोणीतरी ॲड्रेनालिन द्या" म्हटलं की एक तर कोणीच देत नाही, नाही तर दोघं देतात. किचनमध्ये शेफ ऑर्डर पुकारतो आणि स्टेशनवरचा ती मोठ्याने परत म्हणतो, त्यातलंच हे.

मोकळं बोलणं आणि हुकूम, या दोन्हींच्या मध्ये ऑपरेशन थिएटर येतं. जागतिक आरोग्य संघटनेची 2008 सालची तपासणी-यादी 19 मुद्द्यांची आहे आणि तीन वेळा थांबायला लावते: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी, रुग्ण थिएटरबाहेर नेण्याआधी. चिरा देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. हे नाटक वाटू देऊ नका. एकदा तोंड उघडलेल्या माणसाला "सर, डावी बाजू आहे ना?" असं विचारणं सोपं जातं. बिघडतं ते असं, की यादी केस संपल्यावर एका बैठकीत भरली जाते. तिन्ही टप्प्यांच्या खुणा एकाच हाताच्या, एकाच पेनाच्या आणि वेळेची जागा कोरी दिसली, तर बहुधा तेच झालंय.

तुमचा कारखाना जसाच्या तसा चालेल तो स्टरिलायझेशन, लाँड्री, औषध भांडार आणि डिस्चार्जमध्ये. इथे लाल ट्रे तयार करता येतो. प्रत्येक फाइलवर या चार गोष्टी किती वाजता झाल्या ते लिहा: डॉक्टरांनी डिस्चार्ज सांगितला, समरी (उपचारांचा सारांश) तयार झाली, बिल झालं, खाट रिकामी झाली. दोन आठवड्यांत गाठ कुठे आहे ते दिसेल. बहुतेक वेळा ती समरी आणि उरलेली औषधं परत करण्यात सापडते. दोन्ही कामं आदल्या संध्याकाळी उरकता येतात. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून कंपनीने 3 तासांत अंतिम मंजुरी द्यायची असते. म्हणून फाइल दुपारी न पाठवता सकाळीच पाठवा.

कन्सल्टंट डॉक्टर तुमच्या हाताखालचे नसतात, बरेच बाहेरून येणारे असतात. त्यांच्यापुढे मेमो चालत नाही; त्यांच्याच खाटांचे हे आकडे ठेवा आणि मेट्रनला सोबत घेऊन बोला.

टोयोटाच्या लाइनवरची दोरी आठवा. कामगार ती ओढतो, दिवा लागतो आणि टीम लीडर लगेच येतो; त्या स्टेशनच्या कामाला ठरलेल्या वेळेत अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते. ओढल्यावर कोणी तरी येतं, म्हणूनच ती ओढली जाते. तेव्हा चुका कळवण्याचा फॉर्म वाटण्याआधी ड्यूटी रोस्टरवर रात्री धावून येणाऱ्या माणसाचं नाव आणि किती मिनिटांत यायचं ते लिहा. मावशी आणि मामांनाही तोच नंबर द्या. खाटेचा कठडा सैल झालेला आणि बाथरूमबाहेर सांडलेलं पाणी आधी त्यांनाच दिसतं.