उत्तर : आधी सांगा, नमुन्याचं वजन कधी केलं होतं?

सच्छिद्र कोळशात शोषला जाणारा हायड्रोजन अपेक्षेच्या निम्माच भरतो आणि आकडा रोज बदलतो, ही तुमची पोस्ट वाचली आणि माझाच जुना जुलै आठवला. नारळाच्या करवंटीचा (आमच्याकडे करटी म्हणतात) सक्रिय कोळसा, ७७ केल्विन (द्रव नायट्रोजनचं तापमान, उणे १९६ अंश सेल्सिअस), १ बार, हायड्रोजन अपेक्षेच्या निम्मा, वर दर वेळी आकडा वेगळा. पंप, गळती वगैरे तुम्ही तपासलं असेलच, त्यात जात नाही.

मला सगळ्यात महाग पडलं ते वजन. पावसाळ्यात गोव्यात सिलिका जेल संध्याकाळपर्यंत रंग बदलतं, तर कोळशाचं काय होणार? मी बाटलीतून २०० मिलिग्रॅम तोलून दिला. तापवून निर्वातात कोरडा केल्यावर उरला १५८. पण ज्या सामाईक उपकरण विभागात नमुना गेला होता, त्यांनी अहवाल २०० धरूनच काढला. दुरुस्ती मागायला गेलो तर उत्तर काय, 'फॉर्मवर २०० लिहिलंय ना? मग २००च.' नवा फॉर्म, त्यावर मार्गदर्शकांची सही, मग विभागप्रमुखांची, आणि तेवढ्यात चवथीची सुट्टी लागली. कच्चा आलेख मागितला तर तोही 'देता येत नाही'. यात माझे सात महिने गेले आणि तोवर चुकीचा आकडा परिषदेला पाठवूनही झाला होता. आजही त्या विभागाचा जिना चढताना पोटात गोळा येतो.

तेव्हा नमुन्याच्या नळीसकट कोरडं वजन घ्या, मापनानंतर पुन्हा घ्या, आणि दुसरंच खरं माना.

निम्म्याचं दुसरं कारण तुमच्या अपेक्षेत असावं. 'दर ५०० चौरस मीटर प्रति ग्रॅम पृष्ठफळाला वजनाच्या १ टक्का हायड्रोजन' हा संशोधक चाहीन यांचा ठोकताळा ७७ केल्विनला, पण बऱ्याच जास्त दाबासाठी आहे. १ बारला एकूण पृष्ठफळापेक्षा ०.६-०.७ नॅनोमीटरची अरुंद छिद्रं किती आहेत यावर सगळं ठरतं, कारण तिथे समोरासमोरच्या दोन भिंती रेणूला एकदमच ओढतात. आणि कृपा करून 'छिद्रात हायड्रोजन द्रवरूप झाला' असं लिहू नका. त्याचं क्रांतिक तापमान (ज्याच्या वर कितीही दाबलं तरी वायूचा द्रव होत नाही ते) ३३ केल्विन आहे, ७७ ला द्रव होणार कसा? फारतर दाटून बसतो म्हणा.

रोज बदलणाऱ्या आकड्याबद्दल माझा संशय देवारवर, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या थर्माससारख्या भांड्यावर आहे. तोंड उघडं ठेवलं की हवेतला ऑक्सिजन नायट्रोजनमध्ये विरघळत राहतो आणि तापमान वर सरकतं. एका केल्विननेसुद्धा कमी दाबाला दहाएक टक्के फरक पडू शकतो. झाकण ठेवा, पातळी सांभाळा. ऑक्सिजन मिसळलेला द्रव कोळशाच्या भुकटीवर सांडू देऊ नका, हा स्फोटाचा मामला आहे. हीलियमने नळीतली रिकामी जागा मोजत असाल तर ते काम शेवटी करा, बारीक छिद्रांत हीलियम अडकून बसतो. ऑर्थो-पॅराचा (हायड्रोजन रेणूच्या दोन प्रकारांचा) दोष लगेच काढू नका. सामान्य हायड्रोजनमध्ये ऑर्थो ७५ टक्के, तर ७७ केल्विनच्या समतोलात साधारण निम्मा, हे खरं. पण आधी साध्या चुका संपवा. (मी भौतिकशास्त्रज्ञ नाही, रसायनवाला आहे, या बाबतीत जाणकारांनी माझं चुकलं तर सांगावं.)

२० केल्विनखाली जायचा विचार दिसतोय तुमचा. मोह कळतो. मोकळा हायड्रोजन १३.८ केल्विनला गोठतो, पण व्हायकॉर या सच्छिद्र काचेच्या बारीक छिद्रांत त्याहून खाली द्रव राहतो. गिंझबर्ग आणि सोब्यानिन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये मांडलं होतं की न गोठवता सुमारे ६ केल्विनपर्यंत नेता आला तर तो अतिप्रवाही (घर्षणाशिवाय वाहणारा) व्हावा, म्हणून लोक त्याला छिद्रांत कोंडून बघतात. मात्र त्यासाठी हीलियमचा क्रायोस्टॅट (अतिथंड तापमान टिकवणारं उपकरण) लागतो आणि त्याच्या खरेदीची फाईल. माझं मत विचाराल तर आधी ७७ चा आयसोथर्म (स्थिर तापमानाला दाबाप्रमाणे किती वायू शोषला गेला याचा आलेख) तीनदा सारखा आणा.

वजन कधी केलं होतं, बाटली किती वेळ उघडी होती, तेवढं कळवा.