भाषा-जिज्ञासा : भाषेचे कूळ आणि भाषेचा शेजार

प्रश्न : ‘ळ’ हा वर्ण फक्त मराठीत आहे, असे शाळेत अभिमानाने सांगितले जात असे. नोकरीनिमित्त गुजरातेत आल्यावर मात्र तो इथेही सर्रास ऐकू येतो. मग खरे काय?
– एक वाचक, अहमदाबाद

उत्तर : आपले कान बरोबर सांगत आहेत. गुजरातीखेरीज राजस्थानी, पंजाबी, ओडिया आणि कोकणीत ‘ळ’ आहे, तसाच तो तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या द्राविडी भाषांतही आहे. प्रमाण हिंदीत आणि बंगालीत तो नाही, आणि बहुधा हिंदीशीच तुलना करण्याच्या सवयीमुळे हा समज पसरला असावा. ऋग्वेदाची सुरुवातच मुळी ‘अग्निमीळे पुरोहितम्’ अशी आहे. अर्थात वैदिक ‘ळ’ दोन स्वरांमधल्या ‘ड’चा झालेला आहे आणि मराठीचा ‘ळ’ हा काही त्याचा थेट वारस नव्हे. मराठीत तो बहुतांशी दोन स्वरांमधल्या एकट्या ‘ल’पासून आला : ‘फल’चे ‘फळ’ झाले, ‘काल’ म्हणजे समय याचा ‘काळ’ झाला. याउलट ‘कल्य’ या शब्दाचे प्राकृतात ‘कल्ल’ असे द्वित्त रूप झाले होते, त्यामुळे त्यातला ‘ल’ टिकला आणि आदल्या दिवसाला आपण ‘काल’ म्हणू लागलो. जीभ मागे वळवून उच्चारायचे ट, ड, ण हे मूर्धन्य वर्ण भारतीय आर्यभाषांत आणि द्राविडी भाषांत सर्वत्र भेटतात, पण संस्कृतची सख्खी बहीण शोभावी अशा अवेस्ता या पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथाच्या भाषेत ते नाहीत. द्राविडी सहवासामुळे ते आले की संस्कृतातल्या अंतर्गत ध्वनिबदलांतून निपजले, हा वाद जुना आहे. प्रस्तुत लेखकाला दोन्ही कारणांनी एकमेकांना हातभार लावला असावा, हेच मत अधिक पटते.

प्रश्न : मुलीला मराठी वाचायला शिकवताना अडचण येते. ‘चमचा’मधला ‘च’ आणि ‘चिमटा’मधला ‘च’ वेगळे का, आणि त्याला काही नियम आहे का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : नियम आहे, पण अर्धाच. ‘चमचा’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकते (हा दंत्य ‘च’), ‘चिमटा’ म्हणताना जिभेचा पुढचा पसरट भाग टाळूकडे जातो (हा तालव्य ‘च’). इ, ई आणि य यांच्या आधी नेहमी तालव्य उच्चारच येतो, म्हणून ‘रामाचा’ म्हणताना दंत्य ‘च’ असतो आणि ‘रामाची’, ‘रामाच्या’ म्हणताना तो तालव्य होतो. मुलीला हे तीन शब्द एकापाठोपाठ म्हणायला लावावेत, फरक तिच्या तिलाच जाणवेल. अ, आ, उ, ओ यांच्या आधी मात्र शब्दाचा इतिहास पाहावा लागतो. संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले ‘चंद्र’, ‘चरण’, ‘जल’ तालव्य राहिले. ‘चाक’, ‘चुलता’ हे घरचे शब्द दंत्य झाले. फारसीतून आलेल्या ‘जमीन’, ‘बाजार’ यांतला ‘ज’ही दंत्यच आहे. संख्यावाचक ‘चार’ तालव्य आहे, कारण तो पूर्वी ‘च्यार’ होता (जुन्या कागदपत्रांत तसे लेखन आढळते). ‘गुरांना चार’ (म्हणजे खायला घाल) यातला ‘चार’ दंत्य आहे. लिपीत हा भेद दाखवत नाहीत, तेव्हा ऐकून शिकण्याला पर्याय नाही. तेलुगूतही याच धर्तीची दंत्य-तालव्य वाटणी आहे, हे पुढच्या उत्तराच्या दृष्टीने ध्यानात ठेवावे.

प्रश्न : आमच्या घरी कन्नड आणि मराठी दोन्ही बोलतात. दोन्ही भाषा वेगळ्या कुळांतल्या असूनही शब्दाच्या जागी शब्द ठेवत गेले की वाक्य तयार होते. असे कसे?
– एक वाचक, जत

उत्तर : आपल्याच जिल्ह्यात या प्रश्नावर जगभर गाजलेले संशोधन झाले आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी सांगलीजवळच्या कुपवाडमधील भाषाव्यवहारावरचा निबंध 1971 मध्ये प्रसिद्ध केला. गावात जैन कन्नड बोलत, मुसलमान उर्दू बोलत, इतर काही समाज मराठी बोलत, आणि थोडी घरे तेलुगू बोलणारी होती. घरची भाषा कोणी सोडत नसे, पण शेतात आणि बाजारात दिवसभर एकमेकांशी बोलणे चाले. परिणाम असा झाला की शब्द आपापले राहिले आणि व्याकरण एका साच्यात येत गेले. तिथल्या मराठीतले ‘पाला जरा कापून घेऊन आलो’ हे वाक्य तिथल्या उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’ असे होते, आणि कन्नड वाक्याचीही मांडणी नेमकी तशीच असते. याहून बोलके उदाहरण लिंगाचे आहे. कन्नडमध्ये माणसांखेरीज बहुतेक सर्व नामे नपुंसकलिंगी असतात. प्रमाण मराठीत ‘नदी आली’ म्हणतात, कुपवाडच्या मराठीत मात्र ‘नदी आलं’ अशी नोंद मिळाली. नदी म्हणजे इथे पूर.

हे कुपवाडपुरतेच नाही. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी 1956 मध्ये भारत हे एक ‘भाषिक क्षेत्र’ आहे, अशी मांडणी केली होती : भाषांचे साम्य रक्ताच्या नात्यातून येते तसे दीर्घ शेजारातूनही येते. बोलणाऱ्यासह ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि वगळणारे ‘आम्ही’ हा भेद मराठीत व गुजरातीत आहे, तमिळ व तेलुगूत आहे, पण मराठीच्या अधिक जवळच्या नात्यातल्या प्रमाण हिंदीत नाही. गंमत म्हणजे आजच्या कन्नडनेही तो गमावला आहे, त्यामुळे हे ‘आपण’ कन्नडमुळे आले, असे एका वाक्यात सांगून मोकळे होता येत नाही. कोणते वैशिष्ट्य कोणाकडून कोणाकडे गेले, हे ठरवायला जुने लेख, बोलींची तुलना आणि स्थलांतरांचा इतिहास, सगळेच तपासावे लागते.

कुपवाडच्या निष्कर्षांचीही पुढे चिकित्सा झाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील सोनल कुलकर्णी-जोशी यांनी सुमारे चार दशकांनंतर तिथे पुन्हा पाहणी केली. कुपवाड आता सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत आहे, तिथे औद्योगिक वसाहत आहे, आणि शाळेतल्या प्रमाण मराठीचा दाबही आहे. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांची आणि मुलांची कन्नड-मराठी वाक्ये शेजारी-शेजारी लिहून पाठवलीत, तर त्यांची तुलना पुढील अंकात करता येईल.