डेबियन काढून बीएसडी टाकू का?

प्रश्न: नमस्कार सर, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ऑफिस बघतो. जुन्या डेस्कटॉपवर डेबियन लिनक्स टाकलंय, ऑर्डरच्या फाईली ग्रेप, सेड, ऑक या मजकूर शोधायच्या-बदलायच्या कमांड लावून मीच नीट करतो, माऊसला हातपण लागत नाही. आता मित्र मागं लागलाय की फ्रीबीएसडी नाहीतर ओपनबीएसडी, या बीएसडी घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टमपैकी एक टाक, लिनक्सपेक्षा खरं युनिक्स तेच. लाईट मधीच जाते, युपीएस नाही. बदलू का? सांगा की.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: कारखान्याच्या मशीनवर डेबियनच राहू द्या.

पहिलं कारण लाईट. डेबियनची एक्स्ट४ फाईलसिस्टम (डिस्कवर फाईली ठेवायची पद्धत) जर्नल, म्हणजे होणाऱ्या बदलांची आधीच नोंद ठेवते, त्यामुळं लाईट गेली तरी परत चालू करताना ती बहुतेक वेळा पटकन सावरते. ओपनबीएसडीच्या फाईलसिस्टमला जर्नल नाही, अशा वेळी बूट होताना एफएसचेक (fsck) हा तपासणीचा प्रोग्रॅम पूर्ण डिस्क तपासत बसतो आणि कधी मधीच थांबून तुम्हालाच चालवायला लावतो, सकाळी गाडी भरायची असताना हे कुठं परवडतंय. फ्रीबीएसडीत झेडएफएस नावाची फाईलसिस्टम आहे, ती याबाबतीत मजबूत, फक्त जुन्या मशीनला रॅम बरी पाहिजे. सेव्ह न केलेलं काम मात्र कुठलीच सिस्टम परत देत नाही, छोटा युपीएस घ्याच.

दुसरं म्हणजे तुमच्या स्क्रिप्ट. कमांडची नावं तीच, पण डेबियनवर बहुतेक टूल्स जीएनयू या प्रकल्पाची आणि बीएसडीवर त्यांची स्वतःची. सेडला मायनस आय (-i) दिला की तुमच्याकडं फाईल जागेवरच बदलते, फ्रीबीएसडीत त्याच्यापुढं बॅकअपचं एक्स्टेंशन द्यावंच लागतं, बॅकअप नको तर रिकामे कोट्स. कालची तारीख काढायला डेट कमांडला मायनस डी (-d) देत असाल तर फ्रीबीएसडीत ते काम मायनस व्हीनं (-v) होतं. स्क्रिप्ट चालवणारं बॅश तर दोन्ही बीएसडीत वेगळं पॅकेज म्हणून टाकावं लागतं आणि बसतं यूएसआर लोकलच्या बिनमध्ये (/usr/local/bin), म्हणजे पहिल्या ओळीत बिन बॅश (#!/bin/bash) लिहिलेली स्क्रिप्ट तिथं उभीच राहत नाही. त्या ओळीत एन्व्ह बॅश (#!/usr/bin/env bash) लिहा, सगळीकडं चालतं.

पण मित्राचं म्हणणं सोडून देऊ नका. लिनक्समध्ये कर्नल (सिस्टमचा गाभा) एकाचं, कमांड दुसऱ्याच्या, डेबियनसारखी डिस्ट्रो ते जुळवते. बीएसडीत कर्नल आणि मूळ कमांड एकाच घरात तयार होतात, त्यामुळं मॅन पेज (मॅन कमांडनं उघडणारी माहितीची पानं) आणि समोरची सिस्टम जुळलेली असते. ओपनबीएसडीची मॅन पेजेस तर वाचाच, नेमकी, शेवटी उदाहरणं दिलेली, कमांड लाईन शिकायला मला त्याहून चांगलं काही वाटत नाही. आणि दुसऱ्या मशीनला सुरक्षित जोडायला तुम्ही रोज वापरत असाल ते ओपनएसएसएचही ओपनबीएसडीचंच.

घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये (लॅपटॉपच्या आतच चालणारा सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर) दोन्ही बीएसडी टाका आणि तुमच्याच स्क्रिप्ट तिथं चालवून बघा, जिथं अडेल तिथलं मॅन पेज उघडा. ऑर्डरच्या फाईलींची कॉपी न्या, ओरिजिनलवर सेड मायनस आय नको.